वजन नसलेला घेर: पॅरिस आणि मूलँमधले सहा दिवस

पहिला दिवस

तीस वर्षे शिवणाचे वर्ग चालवलेल्या बाईला पॅरिसमध्ये आधी काय पाहावेसे वाटेल, याचा माझ्या भाचीने बांधलेला अंदाज साफ चुकला. तिने पहिल्या संध्याकाळसाठी नदीतल्या बोटीची तिकिटे काढून ठेवली होती. मला मात्र बॅले नर्तकीचा टूटू, म्हणजे जाळीच्या थरांचा फुललेला घागरा, नेमका कशाच्या जोरावर कमरेभोवती ताटासारखा आडवा राहतो, एवढेच समजून घ्यायचे होते. या प्रश्नाला एक जुनी फजिती कारणीभूत होती. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी चित्र पाहून असा एक टूटू शिवला होता आणि त्याला लेहंग्याखाली घालतात ते कडक कॅनकॅन लावले होते. पहिली दहा मिनिटे तो डौलात राहिला आणि मुलीचे नृत्य संपेपर्यंत भिजलेल्या पापडासारखा खाली आला. मुलीला काही वाटले नाही, मला अजून वाटते.

बोटीची तिकिटे भाचीने मैत्रिणीला दिली आणि आम्ही पॅले गार्निए या जुन्या ऑपेराघराकडे निघालो. शार्ल गार्निए या वास्तुशिल्पीने उभारलेली ही इमारत ५ जानेवारी १८७५ रोजी खुली झाली. दिवसा ती तिकीट काढून आतून पाहता येते. संगमरवरी जिना, त्यावर पडणारा दिव्यांचा उजेड आणि प्रेक्षागृहाच्या छतावरचे, १९६४ मधले शागालचे चित्र पाहताना लोक माना वर करून चालत होते. त्यामुळे पायऱ्यांवर धक्के बसत होते. मला इथले ग्रंथालय आणि संग्रहालय जास्त आवडले. जुन्या नेपथ्यांच्या हातभर उंचीच्या प्रतिकृती तिथे मांडलेल्या आहेत आणि एकोणिसाव्या शतकातली नर्तकी मारी ताग्लियोनी हिच्या काळातल्या नर्तकींच्या मुद्राचित्रांवरून त्या काळचा घागरा कसा होता, हे नीट समजते.

तो आडवा नव्हता. अठराव्या शतकात ऑपेराच्या नर्तकी दरबारी पोशाखातच नाचत आणि पायांची करामत वस्त्राखाली झाकलेली राही. १७३० च्या सुमारास मारी कामार्गो या नर्तकीने आपल्या उड्या आणि हवेतल्या हवेत पावले एकमेकांवरून नेण्याचे कसब दिसावे म्हणून घागऱ्याची कड घोट्याच्या वर घेतली, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. पुढच्या शतकात, १२ मार्च १८३२ रोजी, 'ला सिल्फीद' या बॅलेत मारी ताग्लियोनी पोटरीपर्यंत येणाऱ्या, घंटेच्या आकाराच्या पांढऱ्या घागऱ्यात पायाच्या बोटांवर उभी राहिली. नृत्यरचना तिचे वडील फिलिप्पो ताग्लियोनी यांची होती. आज ज्याला रोमँटिक टूटू म्हणतात, तो घागरा हाच. आमच्याकडे लावणीच्या नऊवारीने हाच पेच काष्टा घालून सोडवला, म्हणजे पाय मोकळे केले पण झाकलेलेही ठेवले. इथे त्यांनी कापड कमी केले आणि उरलेले इतके हलके केले की ते अंगावर आहे की भोवती तरंगते आहे, हे पाहणाऱ्याला कळू नये. पेच एकच असताना हात इतक्या निराळ्या वाटांनी गेले, हे मला शिवणकामातले सर्वांत मोठे कुतूहल वाटते.

दुसरा दिवस

ओर्से संग्रहालय पूर्वी रेल्वे स्थानक होते आणि १९८६ पासून तिथे चित्रे आहेत. उघडण्याच्या वेळीच पोहोचल्यामुळे चित्रकार देगाच्या दालनात थोडी शांतता मिळाली. 'नृत्यवर्ग' या चित्रात काठी टेकून उभे असलेले म्हातारे शिक्षक म्हणजे झ्यूल पेरो. ते एकेकाळी ताग्लियोनीचे जोडीदार होते आणि 'जिझेल' या बॅलेच्या नृत्यरचनेतही त्यांचा वाटा होता. त्यांच्याभोवतीच्या मुली मात्र थकलेल्या, कंटाळलेल्या आहेत. एक तर पियानोवर बसून पाठ खाजवते आहे. माझे लक्ष घागऱ्यांवर होते. देगाच्या मुलींचे घागरे ताग्लियोनीच्या घागऱ्यापेक्षा आखूड, गुडघ्याच्या आसपासचे आणि जास्त फुललेले आहेत. ते तार्लतानचे असत. तार्लतान म्हणजे विरळ विणीचे, खळ देऊन ताठ केलेले सुती कापड. खळीचा स्वभाव कुठेही सारखाच असल्यामुळे घाम आणि दमट हवा लागली की ती माघार घेते. माझा स्नेहसंमेलनातला पापड इथे मला जरा क्षम्य वाटू लागला.

पलीकडच्या एका चित्रात एकटी नर्तकी रंगमंचाच्या पुढे झेपावते आहे आणि मागे नेपथ्याच्या पडद्याआड काळ्या पोशाखातला एक पुरुष उभा आहे. त्याचे डोके दिसत नाही. ऑपेराची वर्गणी भरणाऱ्या श्रीमंत पुरुषांना रंगमंचामागच्या दालनात नर्तकींना भेटण्याची मुभा असे, आणि गरीब घरच्या मुलींसाठी त्या भेटींचा अर्थ काय होई, हे त्या काळच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. टूटू या शब्दाचे मूळही याच वातावरणातले. लहान मुले बसण्याच्या जागेसाठी जो बोबडा फ्रेंच शब्द वापरतात, त्याचेच हे रूप असल्याचे बहुतेक शब्दकोश सांगतात आणि छापील फ्रेंचमध्ये या अर्थाने तो १८८१ च्या सुमारास दिसतो. म्हणजे आज आपण नाजूकपणे उच्चारतो तो शब्द प्रेक्षागृहातल्या चावट थट्टेतून आला.

त्याच १८८१ मध्ये देगाने चौदा वर्षांच्या नर्तकीची मेणाची मूर्ती काचेच्या पेटीत ठेवून प्रदर्शनात मांडली. मॉडेल होती मारी व्हान गोतेम, ऑपेराच्या शाळेतली एक गरीब मुलगी. मूर्तीला खरे केस, केसांत रेशमी फीत, अंगात कापडाची चोळी आणि कमरेला खरा टूटू होता. हे पाहून समीक्षक बिथरले. काहींना ती मुलगी माकडासारखी दिसली. मूळ मेणमूर्ती आता वॉशिंग्टनमध्ये आहे. ओर्सेत आहे ते देगाच्या मृत्यूनंतर ओतलेल्या काशाच्या प्रतींपैकी एक. काशाला काही होत नाही, पण घागरा कापडाचाच असल्यामुळे तो झिजतो, मळतो, बदलावा लागतो. म्हणून जगभरातल्या या एकाच मुलीच्या घागऱ्याची लांबी आणि फुगीरपणा संग्रहालयागणिक वेगवेगळा आहे. इथला मळकट, विटलेला घागरा मी पेटीभोवती चार फेऱ्या मारून पाहिला. मागच्या बाजूला चुण्या कमी आहेत असे मला वाटले, पण तेवढ्यात पहारेकऱ्याने काचेपासून लांब राहायची खूण केली.

तिसरा दिवस

सकाळी ल पेल्तिए नावाच्या रस्त्यावर गेलो. 'ला सिल्फीद' आणि २८ जून १८४१ रोजी 'जिझेल' पहिल्यांदा सादर झाले ते ऑपेराघर इथेच होते. १८७३ च्या ऑक्टोबरात ते आगीत भस्मसात झाले, आणि आता तिथे एका मोठ्या शहरातल्या कुठल्याही रस्त्यावर असतात तशा इमारती आहेत. पाहण्यासारखे काही नाही, तरी मी तिथे बराच वेळ उभी राहिले, कारण टूटूच्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा धागा मला इथे सापडला होता, आणि तो कापडाचा नसून उजेडाचा आहे.

या ऑपेराघरात १८२२ मध्ये रंगमंचावर गॅसचे दिवे आले. त्यांचा उजेड कमी-जास्त करता येई. १८३१ च्या 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून मंद चंद्रप्रकाशात नाचतात, तो प्रवेश या दिव्यांमुळेच शक्य झाला आणि त्यातही ताग्लियोनी होती. पांढऱ्या विरळ कापडाचे एकावर एक थर दिले की गॅसच्या मंद उजेडात ते स्वतःच्या अंगचे तेज असल्यासारखे दिसतात. परी, प्रेतात्मा, हवेतली कन्या अशी पांढऱ्या घागऱ्यांची परंपरा यातून सुरू झाली. पण विरळ वीण, थरांमधली हवा आणि सुती धागा हीच आगीलाही लागणारी सामग्री आहे. ज्याने घागरा सुंदर केला, त्याच दिव्याने तो धोकादायक केला.

एम्मा लिव्री ही ताग्लियोनीची लाडकी शिष्या. १८६० मध्ये तिच्यासाठी ताग्लियोनीने 'ल पापियों', म्हणजे 'फुलपाखरू', हा बॅले रचला आणि त्याला संगीत ओफेनबाखचे होते. त्याच्या आदल्या वर्षीच रंगमंचावरचे पोशाख आगरोधक द्रावणात बुडवलेले असावेत, असा सरकारी आदेश निघाला होता. त्या क्षारांनी कापड कडक आणि मळकट होई, घेराचा सारा जीव जाई. म्हणून लिव्रीने ते घालायला नकार दिला, आणि तसे लेखी कळवलेही. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीत तिच्या घागऱ्याने बाजूच्या गॅसच्या दिव्याला स्पर्श केला आणि क्षणात ती पेटली. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली, तेव्हा ती एकवीस वर्षांचीही नव्हती. जळक्या पोशाखाचे अवशेष ऑपेराच्या संग्रहालयाकडे जपलेले आहेत. पहिल्या दिवशी मला ते मांडलेले दिसले नाहीत, आणि खरे सांगायचे तर मी फारसे शोधलेही नाहीत. तिच्या निर्णयाला मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. पण कापडाच्या पडण्यात एका केसाचा फरक पडला तरी जिच्या कलेचा अर्थ बदलतो, तिच्यासाठी तो हट्ट नव्हता, एवढे मला शिवणारी म्हणून कळते.

दुपारी माँमार्त्रच्या दफनभूमीत गेलो. लिव्री इथेच आहे. जवळच ताग्लियोनी नावाची एक कबर आहे, तिच्यावर पावसाने काळे पडलेले, फाटलेले बॅलेचे बूट ठेवलेले असतात. तरुण नर्तकी ते आदराने आणून ठेवतात. गंमत अशी, की ही कबर मारीच्या आईची आहे आणि मारी स्वतः पेर लाशेज या दुसऱ्या दफनभूमीत विसावली आहे. चूक माहीत असूनही लोक इथेच येतात, असे भाचीने सांगितले. तेव्हा मीही दोन मिनिटे हात जोडून उभी राहिले.

तिथून उतरून सां-प्येरच्या कापडबाजारात शिरल्यावर मात्र माझा चेहरा बदलला, असे भाची म्हणाली. मजल्यावर मजले, लांबलचक टेबलांवर गठ्ठे आणि कात्री गळ्यात लटकवलेले विक्रेते. जाळीच्या कापडांचा एक अख्खा कोपरा होता. फ्रान्समधल्या त्यूल या गावाचे नाव या जाळीला मिळाले, तरी जगभर ती स्वस्त झाली ती इंग्लंडमधल्या जॉन हीथकोटच्या यंत्रामुळे. १८०८ मध्ये त्याने हाताच्या लेसची षट्कोनी वीण यंत्रावर उतरवली. आपला धंदा बुडणार या संतापाने १८१६ मध्ये यंत्रफोड्या कामगारांनी त्याच्या कारखान्यातली पन्नासहून अधिक यंत्रे फोडली आणि त्याने बिऱ्हाड डेव्हनमधल्या टिव्हर्टनला हलवले. ताग्लियोनी घंटेसारख्या घागऱ्यात नाचली, तोपर्यंत या यंत्रजाळीला पाव शतक होत आले होते. मी कडक पांढरी जाळी तीन मीटर घेतली. विक्रेत्याने ती मोजताना अंगठ्याने ताणली नाही, यावरूनच तो जुना जाणकार असल्याचे माझ्या ध्यानात आले.

चौथा दिवस

मूलँ हे फ्रान्सच्या मध्यभागातले आल्ये नदीकाठचे गाव. पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून गाडीला सुमारे अडीच तास लागतात. आमच्या गाडीला त्याहून पाऊण तास जास्त लागला आणि कारणाची घोषणा आम्हा दोघींनाही समजली नाही. घोडदळाच्या अठराव्या शतकातल्या जुन्या बराकीत २००६ पासून इथे रंगभूमीच्या पोशाखांचे राष्ट्रीय केंद्र आहे. पॅरिस ऑपेरा, कोमेदी-फ्रांसेझ ही नाट्यसंस्था आणि राष्ट्रीय ग्रंथालय यांच्याकडचे हजारो पोशाख इथे जपलेले आहेत. दालनांत इतका मंद उजेड असतो की डोळे रुळायला वेळ लागतो. गॅसच्या उजेडाने जिवंत झालेले हे कापड आता उजेडापासून लपवून ठेवावे लागते, कारण रेशीम आणि सूत दोन्ही प्रकाशाने जीर्ण होतात.

२०१३ पासून इथे नर्तक रुडॉल्फ नुरेयेवच्या वस्तूंचे कायमचे दालन आहे. पुरुष नर्तकाचे जाकीट कमरेशी किती आखूड असावे, याबद्दल तो अतिशय काटेकोर होता; पाय लांब दिसावेत हे त्यामागचे कारण. त्याने पॅरिस ऑपेरासाठी १९९२ मध्ये केलेली शेवटची रचना 'ला बायादेर', आणि तिथे उभे राहिल्यावर मला तिचा विचार टाळता आला नाही. मारियुस पेतिपाने १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला केलेल्या या बॅलेची नायिका निकिया भारतातल्या मंदिरातली देवदासी आहे, आणि तिच्या मृत्यूनंतरच्या स्वप्नात बत्तीस छाया उताराच्या वाटेने एकामागून एक पांढऱ्या टूटूमध्ये उतरतात. युरोपला खऱ्या देवदासी ठाऊक नव्हत्या असेही नाही. १८३८ मध्ये पुदुच्चेरीच्या परिसरातून आलेल्या देवदासींचा ताफा पॅरिसमध्ये नाचला, आणि त्यांच्यातल्या अम्मनीबद्दल फ्रेंच लेखक थिओफिल गोतिएने भारावून लिहिले. तीनच वर्षांनी याच गोतिएने 'जिझेल'च्या संहितेत हात घातला. त्या बायकांचे जड, जमिनीला धरून केलेले नृत्य पाहूनही पॅरिसच्या रंगमंचाने आपला हवेत तरंगणारा घागरा सोडला नाही. देवदासीलाच तो नेसवला. मला यात राग येण्यापेक्षा आश्चर्य अधिक वाटते, की एका वस्त्राची पकड एवढी घट्ट असू शकते.

परतीची गाडी वेळेवर होती.

पाचवा दिवस

ज्या दिवसासाठी मी सारे आखले होते तो हा. भाचीच्या ओळखीतून एका निवृत्त वेशभूषाकार बाईंची भेट ठरली होती. त्यांनी आयुष्यभर टूटू शिवले आणि आता एका अंगणाच्या तळमजल्यावरच्या खोलीत दोन-तीन शिष्यांना शिकवतात. खोलीत शिरल्यावर छताला उलटे टांगलेले टूटू दिसले, वटवाघळांसारखे. सरळ टांगले तर थर खाली झुकतात, उलटे टांगले की स्वतःच्या वजनाने सुलट होतात. माझ्या पापडाचे अर्धे उत्तर दारातच मिळाले.

उरलेले उत्तर मिळायला चार तास लागले. आडवा टूटू घागरा नसतोच. तो चड्डीवर शिवलेला जाळीचा डोंगर असतो. घट्ट बसणाऱ्या चड्डीवर मांडीच्या काठापासून कमरेपर्यंत जाळीच्या चुणलेल्या पट्ट्या एकावर एक शिवतात. सर्वांत खालची पट्टी जेमतेम दोन-तीन बोटे रुंद, आणि वरची हळूहळू वाढत सुमारे पस्तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते. असे दहा-बारा थर. खालचे आखूड थर वरच्या लांब थराला आधार देतात. मी तर सगळे थर सारख्या लांबीचे घेतले होते, त्यामुळे आधार द्यायला कोणीच उरले नव्हते. कडक आडवेपणा हवा असेल तर मधल्या एका थरातून पोलादी तार ओवतात. शेवटी सैल, लांब टाक्यांनी थर एकमेकांशी असे बांधतात की उडी मारल्यावर सगळे मिळून एका श्वासाने हलावेत. हे टाके ओढून घट्ट केले तर घेर मरतो, फार सैल ठेवले तर विस्कटतो. बाईंनी माझ्या हातात सुई दिली आणि मी घातलेल्या सहा टाक्यांपैकी चार उसवले.

आखूड टूटूची गोष्टही त्यांनीच सांगितली, भाचीने मराठीत आणली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकी रशियात गेल्या. व्हिर्जिनिया झुक्कीने १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आखूड घागऱ्याचा आग्रह धरला. १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानीने 'स्वान लेक'मध्ये एका पायावर बत्तीस गिरक्या घेतल्या, तेव्हा त्या गिरक्या मोजता याव्यात इतके पाय दिसणे प्रेक्षकाला हवेच होते. पुढे तार आली तशी तिची डोकेदुखीही आली. अनेक नर्तकी जवळजवळ उभ्या राहिल्या की तारा एकमेकींना आपटत आणि पाठीमागचा भाग विचित्र वर उचलला जाई. नृत्यरचनाकार बॅलंचिनने १९४७ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी केलेला 'ल पाले द क्रिस्ताल' हा बॅले न्यूयॉर्कला नाव बदलून गेला, तिथे १९५० मध्ये खारकिव्हमध्ये जन्मलेल्या वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी तार काढून टाकून कमी थरांचा, मऊ, पावडरच्या फुलासारखा टूटू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची जाळी आल्यावर खळीची कटकटही संपली.

चोळी वेगळी असते आणि तिचे कापणे घेरापेक्षा अवघड आहे. एकेका चोळीत दहाहून अधिक तुकडे, काही आडव्या धाग्यावर, काही उभ्या, म्हणजे बरगड्या फुगल्या तरी शिवण फाटत नाही. पाठीवर हुकांच्या आकड्यांच्या दोन-तीन रांगा असतात, कारण एकच चोळी वर्षानुवर्षे वेगवेगळ्या अंगांवर चढते. आतल्या पट्टीवर शाईने लिहिलेली नर्तकींची आडनावे होती, एकाखाली एक, जुनी खोडलेली. अशी चोळी धुता येत नाही. घामाचा वास घालवायला आतून व्होडका फवारतात, असे सांगताना बाई अजिबात हसल्या नाहीत.

सहावा दिवस

रात्री पॅले गार्निएमध्ये 'जिझेल'. आमची जागा इतक्या वर आणि कडेला होती की रंगमंचाचा डावा तिसरा भाग दिसतच नव्हता. पण दुसरा अंक सुरू झाला तेव्हा तक्रार विरली. लग्नाआधी मेलेल्या मुलींचे आत्मे, पोटरीपर्यंतच्या लांब पांढऱ्या टूटूमध्ये, धुक्यातून दोन रांगांनी येतात आणि एका पायावर सरकत एकमेकींना ओलांडून जातात. विजेचे दिवे आहेत, कापड आधुनिक आहे, तरी १८४१ च्या त्या घंटेचा आकार तोच ठेवलेला आहे. एक गोष्ट मला इतक्या वरून दिसली, जी पुढच्या रांगेतून दिसली नसती: चोवीस मुली एकाच ठेक्यावर थांबतात, पण त्यांचे घागरे थांबत नाहीत. अंग स्थिर झाल्यावर घेर आणखी अर्धा क्षण पुढे जातो आणि मग मागे येऊन बसतो. तो अर्धा क्षण शिवलेला असतो. मी काल उसवून घेतलेले टाके आठवून हाताची बोटे नकळत हलवत होते, तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिले.

भाचीच्या घरी परतल्यावर सामान भरायला घेतले. तीन मीटर जाळीची घडी बसेना; दाबून ठेवली की पाच मिनिटांत ती बॅगेचे झाकण वर उचले. भाचीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. जाळीचे वजन पाव किलोलाही पोहोचले नाही. "मावशी, विमानकंपनी तुला वजनाचे पैसे नाही मागणार," ती म्हणाली, "जागेचे मागेल." शेवटी माझे दोन स्वेटर तिच्या कपाटात राहिले आणि जाळी बॅगेत गेली.